माझी डावी बाजू आणि आबांचा पंखा

जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील तमाम नागरिकांस, तसेच आमच्या सासरच्या सर्व लहानथोर मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेली बारा वर्षे प्रस्तुत लेखिकेचा डावा स्तन खोटा होता. ज्यांना या बातमीने धक्का बसेल त्यांनी खाली बसून घ्यावे. ज्यांना आधीपासून संशय होता त्यांनी तो आता बोलून दाखवू नये. माझे सासरे शेजारच्या खोलीत चहा पीत आहेत.

जाहीरनामा संपला. आता सरळ सांगते.

बारा वर्षांपूर्वी मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी स्तन पूर्ण काढला आणि त्याच वेळी त्या जागी, कातडीखाली, सिलिकॉनची पिशवी बसवली. मी नशिराबादच्या शाळेत शिकवते आणि दरवर्षी गॅदरिंगची नाटकं बसवते. स्टेजवर उभं राहायचं तर दोन्ही बाजू एका रेषेत हव्यात, असं कारण मी डॉक्टरांना मोठ्या थाटात सांगितलं होतं. खरं कारण एवढंच की मला आरशात तसं बघायचं नव्हतं.

घरी मात्र सांगितलं, 'गाठ काढली.' तेवढंच. पिशवीचं फक्त दोघांना माहीत होतं. एक आमचे हे, ज्यांना मुळातच कुणाला काही सांगायचा कंटाळा. आणि दुसरी माझी मोठी जाऊ, जी धुळ्याला राहते आणि जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ऑपरेशननंतर तिनेच मला महिनाभर आंघोळ घातली होती, त्यामुळे तिच्यापासून लपवायला काही उरलंच नव्हतं. तिनेच त्या पिशवीचं बारसं केलं. 'मुंबईवाली'. मग फोनवर, चारचौघांत, बिनधास्त विचारायची, "काय गं, मुंबईवाली कशी आहे?" मी म्हणायची, "बरी आहे, मजेत आहे." सासऱ्यांना, म्हणजे आबांना, वाटायचं की मुंबईला माझी कुणी मैत्रीण आहे. एका दिवाळीला ते मला म्हणाले, "तुनी ती मुंबईवालीले बलाव ना फराळले." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

तर ही मुंबईवाली गेल्या हिवाळ्याच्या आधी रुसली. डावी बाजू हळूहळू कडक झाली, थोडी वर चढली, कुशीवर झोपलं की ठणकायची. मी कुणाला बोलले नाही. मग एके दिवशी साबण लावताना डाव्या काखेत गाठ हाताला लागली. वाटाण्यापेक्षा मोठी, बोरापेक्षा लहान. एकदा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या काखेत गाठ सापडणं म्हणजे काय, हे मी इथे रंगवून सांगत नाही. मी नळ बंद केला आणि बादलीवर बसून राहिले.

आता आमच्याकडची रीत. घरातलं कुणी डॉक्टरकडे निघालं की एकटं निघत नाही. आम्ही जातो ते वरातीसारखे. नवरा, सासरा, एखादी आत्या, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत पेशंट नाही, घरातलं सगळ्यात वडील माणूस बसतं. पेशंटला स्टूल मिळतं. आमच्या घरच्या डॉक्टरांकडे आबा असेच खुर्चीत बसले, काठी गुडघ्यांत धरून. डॉक्टर भला माणूस. काखेतल्या गाठीचं ऐकून त्यांनी विचारलं, "वहिनी, आणखी काही त्रास?"

सासऱ्यांसमोर मी काय सांगू? डावी छाती कडक झालीय? तिच्यात रबराची पिशवी आहे? शाळेच्या मैदानात दीड हजार माणसांसमोर मी सम्राज्ञी होऊन गर्जले आहे, पण त्या स्टुलावर मला पदर सावरण्यापलीकडे काही जमलं नाही. मी म्हटलं, "नाही. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी साडीच्या वरूनच काख चाचपली, जुनं ऑपरेशन आठवलं आणि चिठ्ठी लिहिली. डावा स्तन बारा वर्षांपूर्वी कॅन्सरसाठी पूर्ण काढलेला, आता काखेत गाठ, आजार परतलाय का ते तपासावं. त्यांची काही चूक नाही. निम्मी हकिगत मी गिळून बसले होते, तर चिठ्ठीत ती येणार कुठून?

अक्काला फोन केला तर ती म्हणाली, "इकडे ये. आमच्या इथे सोनोग्राफीवाली मॅडम आहे. ती बाई माणसाच्या आत बघते की मनात बघते ते मला अजून कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला. गाडीत आम्ही चौघं: हे, मी, पारोळ्याला चहासाठी थांबलं पाहिजे म्हणून हटून बसलेले आबा, आणि माझ्या मांडीवर ती चिठ्ठी. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात शाळेची सगळी कामं दुसऱ्या बाईंना वाटून दिली होती. गॅदरिंगच्या नाटकातली माझी आवडती दाढी कुणाला द्यायची, तेही ठरवलं होतं.

मॅडम पन्नाशीच्या आतबाहेरची, बुटकी, पांढऱ्या कोटाखाली सुती साडी, पायात रबरी चपला. साक्रीकडची. त्यांनी आत बोलावलं तेव्हा आमची वरात सवयीने सगळी आत घुसली. अक्का दारातच आमच्यात सामील झाली होती. आबांनी खुर्ची घेतली. मॅडमनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे वळून म्हणाल्या,

"आबा, तुम्ही कोठला?"

"नरडाणाकडला. आते जळगावले राहस पोराजोडे."

"काय काम करतात तुम्ही?"

"कापूसनी जिनिंगमा फिटर व्हतू. चाळीस वरीस."

मॅडमचा चेहरा उजळला. "मग देवच पावला म्हणायचा. बाहेर वेटिंगमधला पंखा गेले आठ दिवस खटखट करतोय. इथले दोन मेकॅनिक बघून गेले, कुणाला समजेना. तुम्ही जरा ऐकून सांगता? मी तोवर इथलं आटपते."

आबा उठले. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण दवाखान्यातली खुर्ची त्यांनी आपण होऊन सोडल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. काठी टेकत, मान एका बाजूला कलती करून, कान पुढे काढून ते पंख्याकडे गेले. त्यांच्यामागे मॅडमनी माझ्या नवऱ्यालाही स्टूल धरायला पाठवलं. दार लागलं. आत मी, अक्का आणि त्या.

"हं," मॅडम म्हणाल्या. "आता बोला. आत काय बसवलंय?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"चिठ्ठीत लिहिलंय पूर्ण काढलं. आणि तुमचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा बसलाय. उलट डावीकडे जरा जास्तच तोऱ्यात. एवढ्यासाठी मशीन कशाला लागतं?"

अक्का म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं, मनात बघते?"

मग मी सगळं ओकले. पिशवी, कडकपणा, ठणका, सगळं. मॅडमनी विचारलं, "कार्ड कुठाय?" पिशवी बसवताना पेशंटला एक कार्ड देतात, त्यावर पिशवीचा प्रकार, आकार, नंबर असतो. ते आयुष्यभर जपायचं असतं. मी ते जपलं होतं, पण कुणाच्या हाती लागू नये म्हणून नाटकाच्या ट्रंकेत, नकली मिशांच्या डब्यात. जळगावच्या शेजारणीला फोन करून तो डबा उघडायला लावला. तिने कार्डाचा फोटो पाठवला, त्याच्या कडेला अर्धी मिशी चिकटलेली. मॅडमनी तो शांतपणे मोठा करून वाचला आणि म्हणाल्या, "माझ्या नोकरीत एवढं रुबाबदार कार्ड मी पाहिलं नव्हतं."

मग त्यांनी गार जेल लावली आणि मशीनचा दांडा माझ्या डाव्या बाजूवर फिरवायला लागल्या. आणि इथे मला थांबून या बाईचं कौतुक केलंच पाहिजे. बरेच डॉक्टर पडद्याकडे बघून 'हं, हं' करतात आणि आपण त्यांच्या भुवयांवरून आपलं मरण मोजत बसतो. या बाईने पडदा माझ्याकडे वळवला.

"ही पिशवी. हिच्याभोवती तुमच्या शरीराने स्वतःचं कवच तयार केलं. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिला वेढा घालतंच, त्यात वाईट काही नाही. पण तुमचं कवच आवळत गेलं, म्हणून कडक लागतं. आता हे बघा. आत या रेघा दिसतात, एकावर एक? कुरडयांचा चीक शिजवताना वर साय धरते आणि ढवळलं की तिच्या घड्या पडतात, तसं. पिशवीचं रबर फाटलंय आणि मिटून आत बुडालंय. एमआरआय केला की शेवयांसारखं दिसेल. फुटलीय ही."

"कधी?"

"ते तिलाच माहीत. या आवाज न करता फुटतात. बारा वर्षं झाली, रबर जुनं होतं. म्हणून अधूनमधून तपासायचं असतं. कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. मीच गेले नव्हते. काय सांगून निघणार होते घरातून?

मग दांडा काखेत गेला. मी डोळे मिटले. अक्काने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. बाहेरून पंख्याची खटखट ऐकू येत होती.

"डोळे उघडा," मॅडम म्हणाल्या. "हे बघा, मजा आहे."

पडद्यावर गाठ होती आणि गाठीतून खाली पांढरं पांढरं काहीतरी भुरभुरत उतरत होतं. मागचं सगळं त्यात बुडून गेलेलं.

"पुस्तकात याला हिमवादळ म्हणतात. मी साक्रीची. मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. शिकत असताना मला हे चित्र काही केल्या लक्षात राहीना. मग एकदा जिनिंगमध्ये गेले. यंत्रातून कापूस निघतो तेव्हा हवेत तो बारीक तंतू उडत असतो ना, समोरचा माणूस दिसत नाही? त्या दिवसापासून मी कधी चुकले नाही. फुटलेल्या पिशवीतलं सिलिकॉन झिरपलं आणि या गाठीने ते गिळलं. काखेतल्या गाठींचं कामच ते, आलेला कचरा अडवायचा. कॅन्सर असा दिसत नाही."

माझ्या तोंडून हुंदका की हसू, काय निघालं देव जाणे. पण मॅडमनी लगेच बोट वर केलं.

"थांबा. नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के असली भाषा मी करत नाही. एका गाठीत दोन्ही असू शकतं. तुमचा इतिहास मोठा आहे. सुई घालून तुकडा काढू, तपासायला देऊ. तो रिपोर्ट येईपर्यंत मी तुम्हाला आनंद करायची परवानगी देत नाही. फार तर शेवभाजी खा."

सुई झाली. दुखलं, पण बाईचा हात असा की दुखणंसुद्धा शिस्तीत आलं आणि शिस्तीत गेलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आबा वेटिंगच्या मधोमध उभे होते आणि आठदहा पेशंट त्यांचं ऐकत होते. मॅडमना बघून ते म्हणाले, "बेरिंग गयी शे. तेल टाकीसन फायदा नही. बदलनी पडी."

"नुसत्या आवाजावरून?" मॅडमनी विचारलं.

"मंग काय. खोलाले कशाले पाहिजे?"

दोन तज्ज्ञांनी एकमेकांकडे जी नजर टाकली ती मी विसरणार नाही.

रिपोर्ट पाच दिवसांनी आला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. सिलिकॉनचे थेंब आणि त्यांना वेढून बसलेल्या मोठ्या पेशी. मॅडमनी मला फोनवर शब्दन्‌शब्द वाचून दाखवला, दोनदा, आणि मग म्हणाल्या, "आता परवानगी आहे." मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. मी सगळ्यांना भेळ दिली आणि कारण विचारल्यावर 'पंखा दुरुस्त झाला' असं सांगितलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण घरी आबा होते.

आमच्या ह्यांनी त्यांना सांगितलं, "आबा, रिपोर्ट चांगला आलाय. कॅन्सर नाही. जुन्या ऑपरेशनचं आत काहीतरी खराब झालंय, तेवढं काढायचंय."

आबा म्हणाले, "बरं."

आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी गोड वागायला लागले. आमच्या घरात याहून भीतीदायक काही नाही. त्यांनी स्वतःचं ताट स्वतः विसळलं. चहात साखर जास्त पडली तर बोलले नाहीत. मळ्यात भरीत केलं होतं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, ज्याला आबा दरवर्षी कुणाला हात लावू देत नाहीत. त्यातला लोण्यासारखा वरचा भाग त्यांनी माझ्या ताटात वाढला आणि म्हणाले, "जेवी ले, माय." स्वतः भाकरीचा एक तुकडा मोडला आणि उठले.

मला कळेना. अक्काला फोन केला. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, सासूबाईंना काय झालं होतं ते आठव."

मला आठवलं. सासूबाई गेल्या पोटाच्या कॅन्सरने. त्यांना शेवटपर्यंत सांगितलेलं, पित्त आहे. आणि ते त्यांना रोज, उशाशी बसून, हसून सांगणारे आबाच होते. "पित्त शे, दुसरं काही नही." आबांच्या भावाला सांगितलेलं, जुना खोकला. आमच्या घरात 'कॅन्सर नाही' हे वाक्य कॅन्सर असल्याशिवाय कुणी कधी उच्चारलेलंच नव्हतं. आता तेच वाक्य त्यांच्या मुलाने त्यांना ऐकवलं होतं. आपल्या पित्ताची आता आपल्यालाच परतफेड होतेय, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

त्यांना खरं पटवायचं तर पिशवीचं सांगायला हवं होतं. आणि ते सांगायचं मला. दोनदा मी त्यांच्या समोर जाऊन बसले. पहिल्यांदा त्यांना सुपारी कातरून देऊन उठले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "आबा, ती मुंबईवाली आहे ना..." ते म्हणाले, "तिले बी बलाई ले. भेटी जाय तुले." मी उठून चहा टाकला.

ऑपरेशनच्या आधी मॅडमना भेटायला गेले तेव्हा मी हे सगळं सांगितलं. ऑपरेशन त्या करणार नव्हत्या, धुळ्यातलेच एक सर्जन करणार होते. फाटलेली पिशवी आणि भोवतीचं कवच काढायचं, काखेतली गाठ त्रास देत नाही तोवर राहू द्यायची आणि मशीनखाली तिच्यावर नजर ठेवायची, असं ठरलं होतं. नवीन पिशवी बसवायची का, तेही सर्जननी विचारलं. मी नको म्हटलं. बारा वर्षं एक भूमिका केली, झकास केली, आता पुरे. अक्काने त्याच आठवड्यात सरकी काढलेला कापूस भरून ब्लाउजच्या आत ठेवायची एक छोटी गादी शिवून ठेवली होती, मापासकट, आणि तिचं नावही ठेवलं होतं, 'धुळेवाली'.

मॅडमनी आबांबद्दलचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फिटर माणूस आहे. सांगून पटणार नाही. काढलेला पार्ट दाखवावा लागेल."

आपल्याकडे सर्जन ऑपरेशन झाल्यावर काय काढलं ते ट्रेमध्ये घेऊन दाराशी येतात आणि घरच्यांना दाखवतात. अपेंडिक्स असो की खडा, घरातल्या वडील माणसाने बघायचं आणि मान हलवायची. "तुमची परवानगी असेल तर आबांना बोलावते," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः उभी राहते तिथे."

मी विचार केला. चोवीस वर्षं ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना माझ्या छातीतली वस्तू बघू द्यायची. पण त्यांचं ते कोरडं ताट डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "दाखवा."

ऑपरेशन दुपारी आटोपलं. काढलेलं कवच पुढे तपासायला गेलं, आणि तेही स्वच्छ निघालं, हे आत्ताच सांगून टाकते, कारण यापुढे मला मध्ये थांबायचं नाही.

मला स्ट्रेचरवरून बाहेर आणत होते. मी अर्धवट शुद्धीत, डोळे जड, पण कान उघडे. दाराशी गर्दीचा भास. सर्जनांचा आवाज आला, "आबा, हे बघा. कॅन्सरनंतर आकार राहावा म्हणून बारा वर्षांपूर्वी ही पिशवी बसवली होती. ही फुटली. गाठ झाली ती यातलंच थोडं पसरून. दुसरं काही नाही."

मग मॅडमचा आवाज, हळू, "पित्त नाही आबा. खरंच नाही. तुम्ही स्वतः बघा."

आबांनी खिशातून चष्मा काढल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, त्या डबीचं झाकण फार जोरात मिटतं. मग ते म्हणाले, "हात लावू का?" कुणीतरी त्यांना हातमोजा दिला. मी एक डोळा कसाबसा उघडला. आबा ट्रेवर वाकले होते, इंजिन उघडल्यावर वाकतात तसे. त्यांनी एका बोटाने ते पारदर्शक, पिवळसर, चिकट काहीतरी उचललं. त्याची लांब तार निघाली. ती तार त्यांनी ओढून बघितली, सोडली, अंगठ्याने चोळून बघितली, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"मी पंधरा दिन चोरीमोरी रडनू, आन हाऊ ते निस्ता डिंक शे."